व्हिडिओ खेळ व मध्ययुगीन जीवनाचे अध्यापन

व्हिडिओ खेळ व मध्ययुगीन जीवनाचे अध्यापन : संगणकीय खेळांतील नियमबद्ध काल्पनिक परिसराचा उपयोग करून मध्ययुगातील सामान्य माणसाचे श्रम, आहार, निवास, साक्षरता इ. विषय शिकविण्याची पद्धती. शेतकरी व कारागीर यांनी स्वतःविषयी लिहिलेली साधने अत्यल्प असल्यामुळे त्यांचे जीवन जमीनदारीची दप्तरे, मठांचे हिशेब, उत्खननातील अवशेष व हस्तलिखितांतील चित्रे यांवरून जुळवावे लागते. पाठ्यपुस्तकांत राजवंश व लढाया यांच्या तुलनेने या विषयांना गौण स्थान मिळते.

पुस्तक परिस्थितीचे वर्णन करते. खेळ ती परिस्थिती अडचणीच्या रूपाने खेळाडूपुढे उभी करतो व त्यास निर्णय घ्यावयास लावतो. त्यामुळे खेळातील प्रत्येक नियम हे एक प्रकारचे ऐतिहासिक विधानच ठरते. प्राग येथील वॉरहॉर्स स्टुडिओज या संस्थेचा किंगडम कम : डिलिव्हरन्स (२०१८) हा खेळ १४०३ मधील बोहीमियात (सांप्रतच्या चेक प्रजासत्ताकात) घडतो. त्याचा नायक लोहाराचा मुलगा असून आरंभी तो निरक्षर असतो. लेखनिकाकडून वाचन शिकेपर्यंत पुस्तकांतील अक्षरे त्यास विस्कळीत दिसतात. साठविलेले अन्न नासते. मळलेल्या कपड्यांमुळे लोकांच्या वागणुकीत फरक पडतो. ऑब्सिडियन या अमेरिकन संस्थेच्या पेंटिमेंट (२०२२) या खेळाचे कथानक १५१८ पासून बव्हेरियातील एका गावात व मठात घडते. मध्ययुगाच्या अस्तकाळातील या कथेत बोलणाऱ्याचे शिक्षण व सामाजिक स्थान यांनुसार अक्षरवळण बदलते आणि भोजनप्रसंगांतून शेतकरी व मठवासी यांच्या आहारातील तफावत दिसून येते. चौदाव्या शतकातील फ्रँकोनियावर आधारलेल्या मॅनर लॉर्ड्स (प्राथमिक आवृत्ती, २०२४) या खेळात घरामागील परसबाग, ओंडके ओढणारा बैल, पडीक ठेवलेले शेत व हिवाळ्यासाठी सरपण यांची तजवीज खेळाडूस करावी लागते [→ सरंजामशाही].

या पद्धतीच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. खेळ रंजनासाठी निर्माण होत असल्याने वर्षभराचे शेतीचक्र अल्पावधीत उरकते. रोजच्या कामातील कंटाळा व थकवा त्यात उतरत नाही. खेळाडूस मिळणारे निर्णयस्वातंत्र्य भूदासास क्वचितच लाभत असे. काय दाखविले यापेक्षा काय वगळले, हे ओळखणे अधिक अवघड असते. तत्कालीन समाजात बालकांचे प्रमाण मोठे होते. तथापि किंगडम कम : डिलिव्हरन्समध्ये मुले जवळजवळ दिसतच नाहीत. घरे, अवजारे व वेशभूषा यांचे चित्रण जितके हुबेहूब, तितकी अशी उणीव नजरेआड होण्याचा संभव अधिक. शिवाय हिंसक प्रसंगांमुळे हा खेळ प्रौढांसाठी वर्गीकृत आहे. म्हणून शालेय वर्गात शिक्षकाने निवडलेली दृश्येच दाखविणे इष्ट ठरते.

अध्यापनात प्रथम खेळातील एखादा नियम निवडावा. नंतर तो कोणत्या पुराव्यावर आधारलेला असू शकेल, याचा दप्तरे व अवशेष यांच्या साहाय्याने शोध घ्यावा. शेवटी विद्यार्थ्यांना तो नियम दुरुस्त करावयास सांगावे. उदा., पीक येताच त्यातील काही वाटा जमीनदारास व दशमांश चर्चला द्यावा लागला, तर बियाणे व हिवाळ्याचा साठा यांसाठी किती धान्य उरेल, याचा हिशेब विद्यार्थी मांडू शकतात. अशा हिशेबातून सामान्य कुटुंबाच्या जगण्यातील अनिश्चितता त्यांच्या ध्यानी येते. ही तपासणी गाळल्यास मात्र निर्मात्याची कल्पना हाच इतिहास, असा समज विद्यार्थ्यांच्या मनात दृढ होण्याचा धोका राहतो.