प्रजननोपचारांसाठी सीमापार प्रवास : मुंबईतील पाहुणे आणि घिवलीचे दांपत्य

प्रस्तावना

अपत्यप्राप्तीसाठी प्रवास करणे ही आपल्याकडे नवी गोष्ट नाही. नवस बोलण्यासाठी, तो फेडण्यासाठी, वैद्याच्या शोधात पिढ्यान्‌पिढ्या माणसे गाव सोडून गेली आहेत. विसाव्या शतकाच्या अखेरीस या प्रवासाचे स्वरूप पालटले. प्रयोगशाळेत फलन घडवून आणण्याचे तंत्र हाती आले आणि ज्या देशात ते उपलब्ध नाही, महाग आहे किंवा कायद्याने निषिद्ध आहे, तेथील दांपत्ये दुसऱ्या देशाची वाट धरू लागली. या घटनेस ‘प्रजनन पर्यटन’ असे नाव पडले. हा शब्द मुळातच चुकीचा आहे. पर्यटक स्वेच्छेने जातो आणि आनंदाने परततो. येथे जाणारा बहुधा नाइलाजाने जातो. म्हणूनच मार्शिया इनहॉर्न व पास्क्वाले पात्रिझिओ या अभ्यासकांनी २००९ मध्ये ‘पर्यटन’ हा शब्द सोडून ‘प्रजननासाठीचे निर्वासन’ असा शब्दप्रयोग करावा, असे सुचविले.

प्रस्तुत लेखात या प्रवासाच्या दोन दिशांचा विचार केला आहे. एक, परदेशातून मुंबईत येणाऱ्यांची. दुसरी, तारापूर अणुवीज केंद्राच्या शेजारी किनाऱ्यालगत वसलेल्या घिवलीसारख्या गावातून उपचारांसाठी बाहेर पडणाऱ्यांची. पहिल्या दिशेवर पुष्कळ लिहिले गेले. दुसरीवर फारसे लिहिले जात नाही. पालघर जिल्ह्यातील महाविद्यालयांत अध्यापन करणाऱ्यांना मात्र ती अधिक जवळची आहे.

तंत्राचा इतिहास आणि परळ

जगातील पहिले ‘टेस्ट ट्यूब’ बालक २५ जुलै १९७८ रोजी इंग्लंडमध्ये जन्मास आले. त्यानंतर अवघ्या सत्तर दिवसांनी, ३ ऑक्टोबर १९७८ रोजी, कोलकात्यात डॉ. सुभाष मुखर्जी यांच्या प्रयत्नांतून एका मुलीचा जन्म झाला. शासकीय चौकशी समितीने त्यांचा दावा फेटाळला. जपानमध्ये जाऊन आपले संशोधन मांडण्याची परवानगीही त्यांना नाकारण्यात आली. १९८१ मध्ये त्यांनी आत्महत्या केली. पुढे ज्या देशात प्रजननोपचारांसाठी जगभरातून लोक येऊ लागले, त्या देशाने आपल्या पहिल्या संशोधकाला सीमा ओलांडू दिली नव्हती, ही विसंगती नोंदविण्याजोगी आहे.

मुंबईचा वाटा यानंतरचा आहे. परळ येथील के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. इंदिरा हिंदुजा आणि त्याच परिसरातील प्रजनन संशोधन संस्थेचे डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या संयुक्त कार्यातून ६ ऑगस्ट १९८६ रोजी, शास्त्रीय नोंदींनी सिद्ध झालेले भारतातील पहिले असे बालक जन्मले. पुढे डॉ. मुखर्जी यांची कागदपत्रे पाहिल्यावर आनंद कुमार यांनी १९९७ मध्ये ‘पहिलेपणाचा मान त्यांचा’ असे जाहीरपणे मान्य केले. शास्त्रज्ञाने स्वतःचा मान असा दुसऱ्यास देऊ करणे विरळाच. लक्षात घेण्याची बाब अशी की, हे तंत्र मुंबईत प्रथम एका महापालिकेच्या रुग्णालयात साकारले. नंतर ते झपाट्याने खाजगी क्षेत्राकडे गेले आणि तेथेच स्थिरावले.

परदेशी दांपत्यांची मुंबई

२००५ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने या क्षेत्रासाठी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. ती कायदा नव्हती. त्यांचे उल्लंघन केल्यास शिक्षा नव्हती. सरोगसीसाठी, म्हणजे दुसऱ्या दांपत्याचे मूल आपल्या उदरात वाढविण्यासाठी, स्त्रीला मोबदला देण्यास त्यांत मुभा होती. प्रशिक्षित डॉक्टर, इंग्रजीत चालणारा व्यवहार, पाश्चात्त्य देशांच्या मानाने अल्प खर्च आणि कायद्याचा अभाव या चार गोष्टी एकत्र आल्या. गुजरातेतील आणंद आणि महाराष्ट्रातील मुंबई ही नावे जगाच्या नकाशावर ठळक झाली.

अडचण प्रसूतीनंतर सुरू होत असे. २००८ मध्ये एका जपानी दांपत्यासाठी आणंद येथे मुलगी जन्मली. जन्मापूर्वीच दांपत्याचा घटस्फोट झाला होता. मूल कोणाचे, पारपत्र कोणत्या देशाचे, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि अखेर आजीने नातीला जपानला नेले. (योगायोग असा की, त्या मुलीचा जन्मदिवसही २५ जुलै हाच होता, इंग्लंडमधील त्या पहिल्या जन्मास बरोबर तीस वर्षे झाली होती.) त्याच वर्षी आणंद येथे जन्मलेल्या एका जर्मन दांपत्याच्या जुळ्या मुलांबाबत गुजरात उच्च न्यायालयाने २००९ मध्ये निर्णय दिला. जर्मनीत सरोगसी निषिद्ध असल्याने तो देश मुलांना स्वीकारण्यास तयार नव्हता. मुंबईतही हेच घडले. २०१० मध्ये येथे जन्मलेल्या जुळ्या मुलांच्या इस्रायली पित्यास मायदेशी परतता येईना, कारण जेरुसलेमच्या कौटुंबिक न्यायालयाने पितृत्वचाचणीचा आदेश देण्यास नकार दिला होता. वरिष्ठ न्यायालयाने तो निर्णय फिरविल्यावर वाट मोकळी झाली.

विधी आयोगाने ऑगस्ट २००९ मधील आपल्या २२८व्या अहवालात व्यापारी सरोगसी बंद करावी, अशी शिफारस केली. सामान्य मराठी माणसापर्यंत मात्र हा विषय अहवालातून नव्हे, चित्रपटातून पोहोचला. समृद्धी पोरे यांच्या ‘मला आई व्हायचंय!’ या चित्रपटास २०१० सालचा सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. परदेशी स्त्रीसाठी गर्भ वाढविणारी ग्रामीण महाराष्ट्रातील स्त्री हा त्याचा विषय. दिग्दर्शिका स्वतः वकील असल्याने करारातील पळवाटांची जाण त्या कथेत दिसते. अभ्यासवर्गात हा चित्रपट दाखविण्यास हरकत नसावी. भावनिकतेचा अंश वजा केला तरी, कराराचा एक पक्ष निघून गेल्यास दुसऱ्याने काय करावे, हा त्यातील प्रश्न खराच आहे.

दार बंद होते, वाट वळते

जुलै २०१२ मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाने सरोगसीसाठी येणाऱ्या परदेशी व्यक्तींवर वैद्यकीय व्हिसाची अट घातली. किमान दोन वर्षे विवाहित असलेले स्त्री-पुरुष दांपत्यच पात्र ठरले. मुलास प्रवेश देऊ, असे त्यांच्या देशाचे पत्रही आवश्यक झाले. नोव्हेंबर २०१५ मध्ये परदेशी नागरिकांसाठी सरोगसी पूर्णतः बंद झाली.

निर्बंधांनी मागणी संपली नाही. ती सरकली. थायलंड आणि नेपाळ ही नवी ठिकाणे झाली. नेपाळमधील व्यवस्था विशेष विचार करण्याजोगी होती. तेथे नेपाळी स्त्रीने सरोगेट होण्यास अनुमती नव्हती, म्हणून भारतीय स्त्रियांना काठमांडूस नेले जाई. एप्रिल २०१५ च्या भूकंपानंतर इस्रायलने आपल्या नागरिकांची नवजात बालके विमानाने मायदेशी नेली, तेव्हा हा व्यवहार जगासमोर आला. बालके सुखरूप गेली. ज्या स्त्रिया बाळंतीण झाल्या होत्या किंवा अद्याप गरोदर होत्या, त्यांच्यासाठी असे विमान नव्हते. ‘सीमापार प्रवास’ म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे दांपत्य येते. गर्भ वाहणारी स्त्रीही प्रवासीच असते, हे विसरले जाते. त्याच वर्षी थायलंड व नेपाळ या दोन्ही देशांनी परदेशी नागरिकांसाठी दार लावून घेतले. ऑक्टोबर २०२४ मध्ये इटलीने तर परदेशात जाऊन सरोगसी करणाऱ्या आपल्या नागरिकालाही गुन्हेगार ठरविले.

स्त्रीबीजदात्रीची गोष्ट यापेक्षाही झाकलेली आहे. २०१० मध्ये मुंबईत सतरा वर्षांच्या एका कष्टकरी मुलीचा मृत्यू झाला. अल्पवयीन असूनही तिने दीड वर्षात तीन वेळा स्त्रीबीजे दिली होती. २०१२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने पोलिसांच्या तपासाविषयी प्रश्न उपस्थित केले. उपचार घेण्यास कोण कोठून येते याची चर्चा करताना, बीज कोठून येते हा प्रश्न टाळता येत नाही.

२०२१ चे दोन कायदे

सहायक प्रजनन तंत्रज्ञान (नियमन) अधिनियम, २०२१ आणि सरोगसी (नियमन) अधिनियम, २०२१ हे दोन्ही २५ जानेवारी २०२२ पासून अमलात आले. पहिल्यानुसार उपचार घेणाऱ्या स्त्रीचे वय २१ ते ५० आणि पुरुषाचे २१ ते ५५ असावे लागते. अविवाहित स्त्रीलाही हे उपचार घेता येतात. स्त्रीबीजदात्री २३ ते ३५ वयाची असावी, तिने आयुष्यात एकदाच बीजदान करावे आणि सातपेक्षा अधिक बीजे काढू नयेत, असे बंधन आहे. दुसऱ्या कायद्याने व्यापारी सरोगसी हा गुन्हा ठरविला. केवळ निरपेक्ष भावनेने, वैद्यकीय खर्च व विमा एवढ्याच आधारावर सरोगसी करता येते. भारतीय वंशाच्या परदेशस्थ दांपत्यास मंडळाच्या शिफारशीने ती खुली आहे. अविवाहित स्त्री व समलिंगी जोडपी यांना सरोगसी खुली नाही. विधवा किंवा घटस्फोटित स्त्रीस वयाची ३५ ते ४५ ही मर्यादा आहे.

नियमांतही चढउतार झाले. मार्च २०२३ च्या दुरुस्तीने सरोगसीत दात्याचे बीज वापरण्यास मनाई झाली. स्वतःचे स्त्रीबीज नसलेल्या स्त्रियांसाठी ती मनाई म्हणजे दारच बंद होते. फेब्रुवारी २०२४ मध्ये जिल्हा वैद्यकीय मंडळाच्या प्रमाणपत्राच्या आधारे दोहोंपैकी एक बीज दात्याचे असण्यास अनुमती मिळाली. ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, कायदा येण्यापूर्वीच भ्रूण गोठवून ठेवलेल्या दांपत्यांना वयोमर्यादा लागू होणार नाही, असा निर्णय दिला.

कायद्याचा हेतू शोषण थांबविण्याचा होता, याविषयी दुमत नाही. तथापि निरपेक्ष सरोगसी म्हणजे प्रत्यक्षात घरातील एखाद्या जावेवर, नणंदेवर किंवा बहिणीवर येणारी विनंती असते. एकत्र कुटुंबात अशी विनंती नाकारण्याचे स्वातंत्र्य सुनेला कितपत असते? पैशाचा दबाव गेला तरी नात्याचा दबाव उरतो आणि तो मोजण्याचे साधन कायद्यापाशी नाही. शिवाय ज्यांना येथे मज्जाव आहे व ज्यांच्यापाशी पैसा आहे, ते आता भारतातून बाहेर जातात. एकेकाळी यजमान असलेला देश आता पाहुणे पाठवू लागला आहे.

घिवलीचा प्रवास

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या अहवालानुसार जगातील प्रौढांपैकी सुमारे १७.५ टक्के, म्हणजे सहांपैकी एक व्यक्ती, आयुष्यात कधी ना कधी वंध्यत्वाचा अनुभव घेते. हे प्रमाण श्रीमंत व गरीब देशांत फारसे वेगळे नाही. उपचार मात्र वेगळे आहेत.

बोईसर स्थानकापासून चर्चगेट सुमारे शंभर किलोमीटर आहे. २०१३ पासून उपनगरी गाड्या डहाणूपर्यंत धावतात, त्यामुळे घिवलीच्या माणसाला बोईसर गाठल्यावर दादरपर्यंतची वाट सरळ झाली. पण प्रयोगशाळेतील फलनाचे एक आवर्तन म्हणजे एक फेरी नव्हे. प्राथमिक तपासण्या, मग दहा-बारा दिवस संप्रेरकांची इंजेक्शने, त्या काळात दोन-तीन दिवसांआड सोनोग्राफी, नंतर भूल देऊन बीजे काढणे, तीन ते पाच दिवसांनी भ्रूणरोपण आणि सुमारे दोन आठवड्यांनी रक्तचाचणी. एवढे करून यश येईलच असे नाही. बहुतेकांना एकाहून अधिक आवर्तने लागतात. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत कंत्राटावर काम करणाऱ्यास प्रत्येक खाडा म्हणजे बुडालेला रोज. मासेमारी करणाऱ्या कुटुंबात १ जून ते ३१ जुलै या बंदीच्या काळात पुरुष घरी असतो, परंतु त्याच काळात हातात पैसा नसतो. इंग्लंडहून येणाऱ्या दांपत्याने विमानाचे भाडे मोजले. घिवलीचे दांपत्य गेलेले दिवस मोजते. दोन्ही प्रवासच आहेत.

या पार्श्वभूमीवर सार्वजनिक रुग्णालयांचा प्रश्न पुढे येतो. गोव्यात बांबोळी येथील वैद्यकीय महाविद्यालयात २०२३ मध्ये मोफत प्रयोगशाळा-फलनाची सेवा सुरू झाली. जे तंत्र परळच्या महापालिका रुग्णालयात सिद्ध झाले, ते जिल्हा रुग्णालयाच्या आवाक्यात आणणे आज तांत्रिकदृष्ट्या अशक्य राहिलेले नाही. तोवर निदान तपासणीचा क्रम तरी सुधारता येईल. पुरुषाची वीर्यतपासणी ही सर्वांत सोपी व स्वस्त तपासणी आहे. अनेक घरांत ती सर्वांत शेवटी होते, कारण दोष बाईचाच हे आधी ठरलेले असते. जननेंद्रियांचा क्षयरोग हे आपल्याकडे बीजवाहिन्या बंद होण्याचे एक महत्त्वाचे कारण आहे. क्षयाचे निदान व औषधे शासकीय केंद्रांत विनामूल्य मिळतात. त्यासाठी मुंबई गाठावी लागत नाही.

मुंबईस जावेच लागले, तर केंद्र नोंदणीकृत आहे काय आणि कोणत्या स्तराचे आहे, हे आधी विचारावे. पहिल्या स्तराच्या केंद्रास केवळ गर्भाशयात वीर्य सोडण्याची प्रक्रिया करता येते; बीजे काढणे व प्रयोगशाळेत फलन हे दुसऱ्या स्तराचे काम होय. प्रत्येक केंद्रात तक्रार निवारण कक्ष असणे कायद्याने बंधनकारक आहे.

अंतराचा खरा धोका बीजे काढून झाल्यावर जाणवतो. इंजेक्शनांमुळे बीजकोश अतिउत्तेजित होण्याचा विकार काही स्त्रियांत पुढील काही दिवसांत दिसू लागतो. पोट फुगते, उलट्या होतात, लघवी कमी होते, दम लागतो. क्वचित तो जिवावर बेततो. त्या वेळी स्त्री केंद्रात नसते, घरी परतलेली असते. रात्री तिला प्रथम पाहणारा डॉक्टर बोईसरचा किंवा पालघरचा असतो आणि तिच्यावर कोणते उपचार झाले हे त्याला ठाऊक नसते. कित्येकदा सासरी सांगितलेले नसल्याने ती स्वतःही सांगत नाही. दिलेली औषधे, बीजे काढल्याची तारीख आणि केंद्राचा रात्री लागणारा दूरध्वनी क्रमांक एवढे लिहिलेला मराठीतील एक कागद निघताना तिच्या हाती असला, तर त्या डॉक्टरला पुढचे ठरविता येते.