कलेक्टर की कंडक्टर? सामोड्याच्या एका आईची गोष्ट

धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात सामोडे नावाचं गाव आहे. या गावातला एक मुलगा यूपीएससी पास झाला, तेव्हा घरी अधिकारी आणि पुढारी अभिनंदनाला येऊ लागले. इतकी माणसं का येताहेत, हे त्याच्या आईला आधी कळेचना. यूपीएससी ही काय भानगड आहे, हे तिला माहीतच नव्हतं. शेजाऱ्यांचीही तीच गत. काहींनी तर तो ‘कंडक्टर’ झाला असं समजून त्याचं कौतुक केलं!

हा मुलगा म्हणजे डॉ. राजेंद्र भारूड, २०१३ च्या तुकडीचे आयएएस अधिकारी. त्यांची आई कमलाबाई. ‘मी एक स्वप्न पाहिलं’ या पुस्तकात आणि अनेक मुलाखतींत त्यांनी आपलं बालपण काहीही न लपवता सांगितलं आहे.

राजेंद्र यांचा जन्म १९८८ मध्ये एका भिल्ल आदिवासी कुटुंबात झाला. त्याआधीच वडील वारले होते. पदरात लहान लेकरं, राहायला उसाच्या पाचटाची झोपडी आणि नावावर जमीन नाही. पोट भरायला आई आणि आजी मोहाची दारू गाळून विकू लागल्या. गिऱ्हाईक झोपडीतच बसायचं. तान्हं मूल रडलं की पिणाऱ्यांचा बेत बिघडायचा, मग कुणीतरी दारूचे दोन थेंब त्याच्या तोंडात टाकायचं. घरात दुधाची ऐपत नव्हती. आज वाचताना अंगावर काटा येतो, पण त्या झोपडीत हे रोजचंच होतं.

राजेंद्र थोडे मोठे झाल्यावर पिणारे त्यांना चखणा आणायला दुकानात पिटाळायचे आणि वर काही पैसे हातावर ठेवायचे. त्या पैशांतून हा मुलगा वह्या-पुस्तकं घ्यायचा. एकदा परीक्षा जवळ आली होती. कुणीतरी चखणा आणायला सांगितलं, तर अभ्यास सोडून जायला त्याने नकार दिला. त्यावर तो माणूस हसला. शिकून काय डॉक्टर-कलेक्टर होणार आहेस का, शेवटी दारूच विकणार, असं त्याने हिणवलं. हे शब्द मुलाला फार लागले. पण आईचा त्याच्यावर विश्वास होता आणि त्या विश्वासानेच त्याला बळ दिलं.

कमलाबाईंना मुलाचा अभ्यास घेता येत नव्हता, शिकवणी लावणंही परवडणारं नव्हतं. मग त्यांनी केलं काय? त्यांनी मुलाची शाळा सुटू दिली नाही. घरात कमावणाऱ्या हातांची गरज असताना, ‘आता पुरे झालं शिक्षण, धंद्याला हातभार लाव’ असं त्यांनी म्हटलं असतं, तर गावात कुणालाही नवल वाटलं नसतं.

खरी कसोटी पाचवीनंतर आली. मुलगा विलक्षण हुशार आहे, त्याला चांगल्या शाळेत पाठवा, असं जिल्हा परिषद शाळेतल्या शिक्षकांनी आईला सांगितलं. त्याची निवड झाली नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्कलकुवा इथल्या जवाहर नवोदय विद्यालयात. घरापासून सुमारे दीडशे किलोमीटर दूर, वसतिगृहात राहायचं. निरोपाच्या वेळी मायलेक दोघंही रडले. तरीही आईने त्याला जाऊ दिलं.

पुढचा प्रवास वेगाने झाला. नवोदयमध्ये गणिताची गोडी लागली, दहावी-बारावीत उत्तम यश मिळालं आणि मुंबईच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजमध्ये प्रवेश झाला. एमबीबीएसच्या शेवटच्या वर्षी वैद्यकीय परीक्षेबरोबरच त्यांनी यूपीएससीचीही तयारी केली. पहिल्या प्रयत्नात महसूल सेवा मिळाली, पुढच्या प्रयत्नात आयएएस. २०१९ मध्ये ते नंदुरबारचे जिल्हाधिकारी झाले. ज्या जिल्ह्यात लहानपणी पेटी घेऊन शिकायला गेले होते, त्याच जिल्ह्याचा कारभार त्यांच्या हाती आला. कोरोनाच्या पहिल्या लाटेनंतर त्यांनी तिथे ऑक्सिजन प्रकल्प उभारून घेतले होते. त्यामुळे २०२१ च्या दुसऱ्या लाटेत देशभर ऑक्सिजनसाठी धावाधाव सुरू असताना या आदिवासी जिल्ह्याच्या तयारीची देशभर चर्चा झाली.

मंडळी, या गोष्टीत आईच्या मायेइतकाच मोठा वाटा आहे गावातल्या सरकारी शाळेचा, मुलाची हुशारी ओळखून घरापर्यंत निरोप पोहोचवणाऱ्या शिक्षकांचा आणि नवोदय विद्यालयाचा. त्या आईची हिंमत आणि शिक्षकांचा सल्ला असूनही, मोफत राहण्या-शिकण्याची सोय नसती तर मुलगा पुढे गेला असता का?

ही सोय आजही आहे. तमिळनाडू सोडून जवळपास सगळ्या राज्यांत नवोदय विद्यालयं आहेत. सहावीच्या प्रवेशासाठी पाचवीत शिकणाऱ्या मुलांची निवड परीक्षा होते. त्यात बुद्धिमत्ता, अंकगणित आणि भाषा असे तीन भाग असतात. अर्जाला पैसे लागत नाहीत आणि परीक्षा मराठीतूनही देता येते. किमान ७५ टक्के जागा ग्रामीण भागातल्या मुलांसाठी असतात, तर एक तृतीयांश जागा मुलींसाठी. मात्र सहावीसाठी ही परीक्षा एकदाच देता येते, म्हणून अर्जाची तारीख चुकवून चालत नाही.

तुमच्या घरी कामाला येणाऱ्या मावशींचं मूल पाचवीत आहे का? सोसायटीच्या वॉचमनकाकांचं? त्यांना ही माहिती नक्की सांगा, आणि जमलं तर मोबाईलवरून अर्जही भरून द्या. लेकरासाठी झिजायला आई केव्हाही तयार असते, पण वाट कुठे आहे हे तिला कुणीतरी सांगावं लागतं. कमलाबाईंना ते गावातल्या शिक्षकांनी सांगितलं होतं.