एनॅमलच्या कढईवरचा डाग: आधी ओळखा, मग घासा

आजचा विषय भांडी घासण्याचा आहे. थांबा, भाग पुढे ढकलू नका. ज्यांच्या घरी ती जड, रंगीत, आतून पांढरी कढई आहे, त्यांनी तर शेवटपर्यंत ऐका. ऐकायला वेळ नसेल तर नेहमीप्रमाणे हा पूर्ण भाग इथे लिहून दिलाय.

आपल्या नायगावची पोरं-पोरी पुण्याला, हैदराबादला नोकरीला लागली, की दिवाळीला घरी येताना आईसाठी काहीतरी घेऊन येतात. पूर्वी मिक्सर यायचा, हल्ली ही कढई येते. काही हजारांची वस्तू. पहिले आठ दिवस कौतुक. मग आतला पांढरा रंग पिवळा पडतो, बुडाशी तपकिरी गोल उमटतो, काठावर पांढरट थर दिसायला लागतो. त्यानंतर दोनपैकी एक गोष्ट होते. एक तर तारेची घासणी निघते, नाही तर "गेली बाई वाया" म्हणत कढई माळ्यावर जाते. गंमत म्हणजे बहुतेक वेळा कढई वाया गेलेलीच नसते. आणि जी खरंच वाया गेलेली असते, ती मात्र रोज चुलीवर चढत असते. हा फरक ओळखायचा कसा, ते आज बघू.

ही कढई नक्की कशाची?

आत असतं बीड. बीड म्हणजे बीड जिल्हा नव्हे बरं का! साच्यात ओतलेलं लोखंड, ज्याचा आपला जड तवा असतो. त्या बिडावर काचेची बारीक पूड चढवतात आणि भट्टीत साधारण ८०० अंशांच्या आसपास तापवतात. पूड वितळते आणि लोखंडाला घट्ट धरून बसते. हेच एनॅमल. दवाखान्यातले निळ्या काठाचे पांढरे ट्रे, आजोबांचं पांढरं टमरेल, सगळं याच जातीचं. फक्त तिथे आत पातळ पत्रा असतो. फ्रान्समधल्या ले क्रूझे कंपनीनं १९२५ पासून अशी बिडाची रंगीत भांडी विकायला सुरुवात केली. आपल्याकडे ती घरोघरी दिसायला लागली ती अलीकडे.

मुद्दा एवढाच, की तुम्ही लोखंड नाही, काच घासताय.

काच लावण्याचा फायदा आपल्या घरात लगेच कळतो. साध्या बिडाच्या कढईत अंबाडीची भाजी केली की ती काळी पडते, कारण आंबटपणा लोखंडाला खातो. एनॅमलच्या कढईत मध्ये काच असते, म्हणून भाजीचा रंग आणि चव शाबूत राहते. पण काचेचे नियमही पाळावे लागतात. वाळूचा कण एनॅमलपेक्षा कठीण असतो. राखेत किंवा मातीत वाळू असली, की काचेवर बारीक चरे पडतात. तारेच्या घासणीचंही तेच. मग त्या चऱ्यांत हळद जाऊन बसते. डाग वाढला म्हणून आपण अजून जोरात घासतो, चरे वाढतात, डाग अजून धरतो. असं हे चक्र चालू राहतं.

आमच्या कामात एक साधी शिस्त असते. प्रोग्राम बंद पडला की आधी एरर वाचायची, मग कोडला हात लावायचा. इथेही तसंच करा. डाग कशाचा आहे ते आधी बघा.

पिवळा डाग: हळद

हा आपल्या भागाचा खास डाग. शेजारच्या हिंगोली जिल्ह्यातल्या वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये जीआय मानांकन मिळालं, आणि येसर आमटीपासून पिठल्यापर्यंत हळद आपल्या प्रत्येक पातेल्यात असते. हळदीचा रंग म्हणजे कर्क्युमिन. तो पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात विरघळतो. म्हणून नुसत्या पाण्यानं कितीही धुवा, तो हलत नाही. आधी डागावर बोटभर गोडेतेल चोळा, कागदानं पुसून घ्या, मग साबणानं मऊ घासणी फिरवा.

सोडा किंवा साबण लागल्यावर पिवळा डाग एकदम लालसर झाला, तर घाबरू नका. हळदीत चुना घातला की ती लाल होते, कुंकू याच गुणावर बनतं. सोड्यासारख्या खारट पदार्थानं कर्क्युमिनचा रंग बदलतो, एवढंच. पाण्यानं धुतलं की लाली जाते.

उरलेला पिवळेपणा घालवायला ऊन वापरा. उजेडात कर्क्युमिन तुटतं. हळदीचा डाग पडलेला शर्ट दोरीवर उन्हात फिका पडतो ना, तसंच. धुतलेली कढई तोंड वर करून दोन-तीन दिवस उन्हात ठेवा. नांदेडच्या उन्हाला एवढं काम सांगायला काय हरकत आहे!

तपकिरी, चिकट डाग: जळालेलं तेल

तेल खूप तापलं की त्याचे रेणू एकमेकांना जोडले जातात आणि कडक, चिकट थर तयार होतो. भाकरीच्या तव्यावरचा काळा तुकतुकीत थर नेमका असाच बनतो. तिथे तो जपायचा, कारण त्यामुळे तवा गंजत नाही आणि धपाटं चिकटत नाही. एनॅमलवर मात्र तोच थर डाग ठरतो.

यावर खायचा सोडा. कढईत अर्ध्यापर्यंत पाणी, दोन मोठे चमचे सोडा, आणि मंद आचेवर दहा मिनिटं उकळी. थर मऊ झाला की लाकडी उलथन्यानं हळू खरवडा. तळाला लागलेलं दूध किंवा वरणही असंच सुटतं. बाहेरच्या बाजूला सोड्याचा ओला लेप लावून रात्रभर ठेवा. आजी राखेनं भांडी घासायची, त्यातही हेच होतं. राखेतला खार तेलाला सोडवायचा. आपण तो खार घ्यायचा आणि वाळू टाळायची.

पांढरा, खरखरीत थर: पाण्यातले क्षार

बोअरचं पाणी बहुतेक जड असतं. शाळेच्या पुस्तकात त्याला दुष्फेन पाणी म्हटलंय. असं पाणी उकळलं की त्यात विरघळलेला चुना बाहेर पडतो आणि भांड्याला चिकटतो. यावर सोडा चालत नाही, आंबट लागतं. पाण्यात लिंबाचा रस किंवा थोडं व्हिनेगर टाका, कोमट करा, दहा-पंधरा मिनिटं ठेवा. बारीक बुडबुडे दिसले की समजा चुना विरघळतोय. मग लगेच धुऊन टाका. रात्रभर आंबटात ठेवू नका, कारण जास्त वेळ राहिलेलं आंबट एनॅमलची चकाकी कमी करतं.

करड्या रेघा

आतून पेन्सिलीसारख्या रेघा दिसल्या तर लोक म्हणतात, चरे पडले. पुष्कळदा ते चरे नसतात. स्टीलचा झारा काचेवर घासला की झाऱ्याचाच थोडा धातू काचेला लागतो. सोड्याचा लेप मऊ कापडानं गोल गोल फिरवा, बऱ्याच रेघा निघतात. आणि पुढच्या वेळी लाकडी उलथनं घ्या.

रीलमधला हॅक आणि खरा धोका

सोडा टाकायचा, वरून व्हिनेगर ओतायचं, फेस येतो, व्हिडिओ छान दिसतो. पण खार आणि आंबट एकमेकांना मारतात. फेस म्हणजे फक्त कार्बन डायऑक्साईड. खाली उरतं थोडं मिठासारखं पाणी, जे ना तेल काढतं ना चुना. दोन्ही वापरायचेच असतील तर वेगवेगळ्या वेळी, मध्ये स्वच्छ धुऊन.

हा हॅक निदान निरुपद्रवी आहे, पुढचा नाही. काही जण संडास धुण्याचं अ‍ॅसिड कढईत ओततात. ते काच खरबरीत करतं आणि एनॅमल फुटलं असेल तिथे लोखंडही खातं. त्याहून वाईट म्हणजे त्यात ब्लीच किंवा गावाच्या टाकीत टाकतात ती टीसीएल पावडर मिसळणं. त्यातून क्लोरीन वायू निघतो. १९१५ साली पहिल्या महायुद्धात ईप्रच्या लढाईत सैनिकांवर सोडला होता तोच वायू. लहानशा बंद मोरीत तो श्वासात गेला तर फुफ्फुसांना इजा होते. आईला हे नक्की सांगा. चुकून मिसळलंच तर भांडं तिथेच सोडून मोकळ्या हवेत या. खोकला किंवा धाप लागली तर दवाखाना गाठा.

डाग की इजा?

आता मुख्य प्रश्न. भांड्याच्या आतून बोट फिरवा. गुळगुळीत लागलं, तर रंग कसाही असो, तो डाग आहे आणि कढई वापरायला चांगली आहे. थोडा पिवळेपणा राहिला तरी त्यानं जेवण बिघडत नाही. पण आतल्या बाजूचा टवका उडून काळं लोखंड दिसत असेल किंवा कडा बोटाला टोचत असेल, तर ती इजा आहे. तिथून काचेची कपची सुटून आमटीत पडू शकते. अशा कढईत स्वयंपाक करू नका, तिला कुंडी करा. बाहेरच्या बाजूला टवका असेल तर कोरडं पुसून तेलाचं बोट लावा, गंज अडतो.

टवका उडतो कशानं? पडल्यानं, आणि तापलेल्या कढईवर गार पाणी ओतल्यानं. काच आणि लोखंड एकसारखे आकसत नाहीत, म्हणून काचेला तडा जातो. कढई आधी आपोआप निवू द्या. रिकामी कढई मोठ्या आचेवर ठेवू नका. धुतल्यावर काठ कोरडा पुसा, कारण तिथे एनॅमल पातळ असतं किंवा नसतंच.

तर मंडळी, हळदीला तेल आणि ऊन, जळक्या तेलाला सोडा, क्षारांना लिंबू, आणि तारेच्या घासणीला सुट्टी. माळ्यावर एखादी कढई पडली असेल तर या रविवारी खाली काढा आणि आतून बोट फिरवून बघा. गुळगुळीत लागली तर संध्याकाळी तिच्यात अंबाडीची भाजी होऊन जाऊ द्या. भेटू पुढच्या भागात!