फुकटचे कार्ड, फीचे कार्ड

क्रेडिट कार्ड घेताना मराठीतल्या दोन म्हणी जवळ बाळगाव्यात. एक, ‘फुकट ते पौष्टिक’. दुसरी, ‘चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला’. वार्षिक फी नसलेले कार्ड पहिल्या म्हणीतले आणि फी असलेले दुसऱ्या म्हणीतले, असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात पुष्कळदा याच्या उलट घडते.

मी बी.ए. झालो तो मराठी घेऊन. वृत्तांच्या मात्रा मोजण्यापलीकडे माझे गणित कधी गेले नाही. पण भाचीला पुण्यात पहिली नोकरी लागली आणि महिन्याभरात तिला कार्डासाठी फोन सुरू झाले. एक बँक म्हणे, आयुष्यभर फी नाही. दुसरी म्हणे, वर्षाला हजार रुपये फी, पण बक्षिसाचे पॉइंट दुप्पट. तिने मला विचारले, “मामू, कोणतं घेऊ?” मामूला कविता कळते म्हणजे सगळेच कळते, असा घरात एक समज आहे. तेव्हा कागद-पेन्सिल घेऊन बसणे भाग पडले.

आधी पॉइंट म्हणजे काय ते पाहू. पॉइंट म्हणजे रुपया नव्हे. शंभर रुपयांच्या खरेदीवर चार पॉइंट, असे ऐकले की चार रुपये मिळाल्यासारखे वाटते. पण एका पॉइंटची किंमत २५ पैसे असेल, तर हाती येतो एक रुपया. दुसरे कार्ड दीडशे रुपयांवर दोनच पॉइंट देते, पण पॉइंट ५० पैशांचा. म्हणजे शंभराला साधारण ६७ पैसे. तेव्हा पॉइंट किती हे विचारूच नये. शंभर रुपये खर्च केले तर परत किती पैसे मिळतात, एवढेच विचारावे. त्यात पुन्हा एकच पॉइंट वस्तूंच्या यादीतून वापरला तर कमी मोलाचा आणि विमान तिकिटाला वापरला तर जास्त मोलाचा, असेही असते.

आता फी. हजार रुपये फी म्हणजे हजार नव्हेत. त्यावर १८ टक्के जीएसटी लागतो; एकूण झाले १,१८० रुपये. समजा, फुकटचे कार्ड शंभराला एक रुपया परत देते आणि फीचे कार्ड दोन रुपये.

महिन्याला ६,००० रुपये कार्डावर खर्च होत असतील, तर वर्षाचे झाले ७२,०००. फुकटचे कार्ड ७२० रुपये देईल. फीचे कार्ड १,४४० देईल, पण फी वजा जाता उरतील २६० रुपये. महिन्याला १०,००० खर्च असेल, तर फुकटच्या कार्डाचे १,२०० आणि फीच्या कार्डाचे फी जाऊन १,२२०. फरक वीस रुपयांचा! महिन्याला २०,००० खर्च करणाऱ्या घराला मात्र फुकटचे कार्ड २,४०० देईल आणि फीचे कार्ड फी जाऊनही ३,६२०. त्या घरासाठी फीचेच कार्ड शहाणपणाचे.

भाचीचा खर्च पहिल्या गटातला. तिचे उत्तर तिथेच मिळाले. ही रीत कुणालाही वापरता येईल. जीएसटीसकट फीला दोन कार्डांच्या परताव्यातल्या फरकाने भागायचे. इथे तो फरक शंभराला एक रुपया आहे; म्हणजे वर्षाला १,१८,००० रुपयांचा खर्च ही सीमारेषा. त्याच्या अलीकडे फुकटचे कार्ड, पलीकडे फीचे.

बँका एक गोड अट घालतात. वर्षात अमुक खर्च केलात, तर पुढच्या वर्षाची फी माफ. समजा, ती मर्यादा एक लाखाची आहे. आपला खर्च एरवीच लाखावर जात असेल, तर उत्तमच. पुढच्या वर्षी ते कार्डही फुकटचेच झाले. पण खर्च ८०,००० असताना मार्चमध्ये आठवण होते आणि १,१८० रुपये वाचवायला आपण २०,००० ची खरेदी करतो. बारा आण्यांचा मसाला तो हाच. ‘पहिल्या वर्षी फी नाही’ आणि ‘कधीच फी नाही’ यांतला फरकही अर्ज भरण्याआधीच वाचावा.

बारीक अक्षरातही बरेच काही असते. पेट्रोल, घरभाडे, वॉलेटमध्ये भरलेले पैसे यांवर अनेक कार्डे पॉइंट देत नाहीत. काही कार्डांवर महिन्याला मिळणाऱ्या पॉइंटना कमाल मर्यादा असते, काहींचे पॉइंट ठरावीक मुदतीनंतर बुडतात, तर काही बँका पॉइंट वटवायलाही शुल्क घेतात. आपला खर्च मोजताना हे सारे आधी वजा करावे.

मग बँकेला हे परवडते कसे? एक, कार्ड घेणारा दुकानदार प्रत्येक विक्रीतला काही हिस्सा देतो. दुसरी, फी. आणि तिसरी कमाई व्याजाची. अमेरिकेत १९८६ साली डिस्कव्हर हे कार्ड वार्षिक फी न घेता, उलट खरेदीवर काही पैसे परत देत बाजारात आले. फी सोडूनही कार्डाचा धंदा चालतो, हे तेव्हाच दिसले होते.

आमच्या घरात व्याज देणे आणि घेणे दोन्ही वर्ज्य. पण श्रद्धा बाजूला ठेवून नुसता हिशेब केला तरी तेच उत्तर येते. अनेक कार्डांवर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागते, म्हणजे वर्षाला ४२ टक्के. दहा हजार रुपये महिनाभर थकले, तर ३५० रुपये व्याज आणि त्यावर ६३ रुपये जीएसटी, एकूण ४१३. शंभराला एक रुपया या दराने तेवढे पैसे मिळवायला ४१,३०० रुपयांची खरेदी करावी लागेल! शिवाय बाकी ठेवली की नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही सहसा जाते. ३० टक्क्यांवर व्याज नको, असा राष्ट्रीय ग्राहक आयोगाचा २००८ सालचा निर्णय होता. सर्वोच्च न्यायालयाने तो डिसेंबर २०२४ मध्ये रद्द केला. म्हणजे सांभाळायचे आपले आपणच. बिलावर ‘किमान रक्कम’ म्हणून जो आकडा छापलेला असतो, तो भरून दंड टळतो, व्याज टळत नाही. एकाच्या पॉइंटांमध्ये दुसऱ्याच्या व्याजाचा वाटा असतो, तो दुसरा आपण होऊ नये.

घेतलेले कार्ड परवडत नसेल, तर ते बंद करायला संकोच नको. रिझर्व्ह बँकेने २०२२ साली नियम केला, की थकबाकी नसेल तर अर्ज आल्यापासून कामाच्या सात दिवसांत कार्ड बंद केले पाहिजे, नाहीतर पुढच्या प्रत्येक दिवसाचे ५०० रुपये बँकेने ग्राहकाला द्यावेत. अर्ज लेखी करावा आणि त्याची पोच ठेवावी.

तेव्हा पुढच्या वेळी कार्डासाठी फोन आला, तर लगेच हो किंवा नाही म्हणू नका. मागच्या बारा महिन्यांचा खर्च काढा. त्यातला पॉइंट न मिळणारा खर्च वगळा. फीत जीएसटी मिळवा आणि भागाकार करा. महिन्याचे बिल पूर्ण भरणे जमत नसेल, तर मात्र एवढाही खटाटोप नको. त्या माणसासाठी फीचे कार्ड महागच आणि फुकटचे कार्डही महागच.