पडवीतल्या दिव्याखालचा महाकाय पाहुणा : ‘ॲटलास’ पतंग ओळखावा कसा?

पावसाचा जोर ओसरू लागला की सत्तरी, सांगे, काणकोण या डोंगराळ तालुक्यांतून एक छायाचित्र हमखास फिरू लागते. घराच्या भिंतीवर किंवा पडवीतल्या दिव्याखाली पंख पसरून बसलेला, तळहाताहून मोठा, तांबूस तपकिरी पतंग. सोबतचा मजकूरही ठरलेला असतो : ‘दुर्मीळ’, ‘जगातील सर्वांत मोठा’, ‘पंखांवर नाग’. यांतला एकही दावा जसाच्या तसा खरा नाही. खरी हकीकत मात्र त्याहून रंजक आहे.

प्रथम नाव. सर्वत्र ‘ॲटलास’ म्हणून ओळखला जाणारा ‘ॲटॅकस ॲटलास’ हा पतंग लिनियसने १७५८ मध्ये नोंदवला. भारतात त्याचा वावर हिमालयाचा पायथा आणि ईशान्येकडील राज्ये या पट्ट्यात आहे. पश्चिम घाटात व श्रीलंकेत आढळतो तो त्याचा जवळचा भाऊबंद, ‘ॲटॅकस टॅप्रोबॅनिस’. ‘टॅप्रोबेन’ हे प्राचीन ग्रीकांनी श्रीलंकेला दिलेले नाव. काही अभ्यासकांनी याला ॲटलासचीच उपप्रजाती मानले होते, आणि दोघांतले साम्य पाहता त्यात नवल नाही. छायाचित्रावरून त्यांना वेगळे काढणे अवघड असल्याने पतंग कोणत्या भागात दिसला, हीच ओळखीची मोठी खूण ठरते. गोव्यात दिसणारा पतंग हा दक्षिणेचा, म्हणजे टॅप्रोबॅनिस.

आकाराविषयीचा दावाही तपासून घ्यावा. पंख पसरल्यावर याची रुंदी वीस सेंटीमीटरच्या पुढे जाते. मोठ्या मादीची पंचविसाच्या आसपास. भारतातल्या सर्वांत मोठ्या पतंगांत त्याची गणना होते, यात शंका नाही. पण पंखांच्या रुंदीत दक्षिण अमेरिकेतला ‘व्हाइट विच’ त्याच्या पुढे आहे, तर पंखांच्या क्षेत्रफळात ऑस्ट्रेलिया व न्यू गिनीतला ‘हर्क्युलीस’ त्याला मागे टाकतो.

ओळखताना नजर आधी पंखांच्या मध्यभागी न्यावी. चारही पंखांवर एकेक त्रिकोणी, काचेसारखा पारदर्शक ठिपका दिसतो. तेथे खवलेच नसतात, त्यामुळे पतंग ज्या पानावर बसला असेल त्याची शीर त्या खिडकीतून आरपार दिसते. आपल्याच जंगलातल्या टसर पतंगाच्या पंखांवरही असे ठिपके असतात, पण ते गोल, डोळ्यांसारखे. फिकट हिरवा आणि लांब शेपट्यांचा ‘मून मॉथ’ तर याच्याशी घोटाळा होण्याजोगा नाहीच. हे तिघेही रेशीम पतंगांच्या एकाच कुळातले.

पुढच्या पंखाचे टोक बाकदार असते आणि त्यावर डोळा व जबडा असल्याचा भास होतो. चीनमधल्या कँटोनी भाषेत या पतंगाचे नावच मुळी ‘सापाच्या डोक्याचा पतंग’ असे आहे. डिवचल्यास तो खाली पडून पंख संथपणे हलवत राहतो; पक्ष्यांना सापाचा भास व्हावा म्हणून हे सोंग असावे, असे मानले जाते. विष, दंश, नांगी यांपैकी त्याच्याकडे काहीही नाही. चावायचे म्हटले तरी चावणार कशाने?

कारण प्रौढ पतंगाला खाण्याजोगे तोंडच नसते. सुरवंट असताना साठवलेल्या चरबीवरच त्याला उरलेले आयुष्य काढायचे असते, आणि ते आयुष्य जेमतेम आठवडा-दोन आठवड्यांचे. मादी कोशाजवळच थांबून गंध सोडते. नर आपल्या रुंद, पिसांसारख्या मिशांनी तो दुरून टिपत येतो. मादीच्या मिशा बारीक आणि पोट जाड, त्यामुळे नर-मादी ओळखणे तसे सोपे. हाताशी मोजक्याच रात्री. त्यातली एखादी पडवीच्या दिव्याभोवती घिरट्या घालण्यात गेली, तर नराचे सारे गणित चुकते. पाहुणा दिसल्यावर दिवा मालवावा, ही विनंती एवढ्याचसाठी. साखरपाणी किंवा केळ्याचा तुकडा पुढे ठेवून काही उपयोग होत नाही. पंखांना धरून उचलल्यास खवले झडतात. हलवणे भागच असेल तर कागदावर चढवून सावलीतल्या फांदीवर सोडावे.

त्याचे घर शोधायचे तर दिवा सोडून झाडांकडे वळावे लागते. अंड्यातून आठवडा-दीड आठवड्यात बाहेर पडलेला सुरवंट फिकट हिरवट, अंगावर मांसल काटे आणि पांढऱ्या मेणासारखी भुकटी असलेला, वाढत वाढत दहा सेंटीमीटरपर्यंत जातो. दालचिनी, पेरू, लिंबू-संत्र्याच्या जातीची झाडे आणि महारुख ही त्याची अन्नवनस्पती. सुपारीच्या सावलीत दालचिनी, पेरू, लिंबू एकत्र नांदणारे आपले कुळागर त्याला मानवते ते यामुळेच. सुरवंट भेटला तर तो कोणत्या झाडावर होता, हे छायाचित्राबरोबर जरूर नोंदवावे. पतंगाच्या नोंदी पुष्कळ मिळतात, झाडाच्या फार कमी. तो पाळायची हौस असेल, तर पाला त्याच झाडाचा द्यावा. एका पानावर वाढलेला सुरवंट मध्येच दुसरे पान सहसा स्वीकारत नाही.

पेरूच्या एखाद्या फांदीची पाने तो फस्त करतो, हे खरे. परंतु परजीवी माश्या, गांधीलमाश्या आणि पक्षी यांच्या तावडीतून थोडेच सुरवंट सुटतात, त्यामुळे तो बागेवरची कीड ठरत नाही. त्याच्यासाठी फवारणी करण्याचे कारण नाही.

खरा धोका कोशाला आहे. सुरवंट पानात गुंडाळून तपकिरी, कागदी पोताचा कोश विणतो आणि रेशमाच्या देठाने तो डहाळीला बांधतो. दुरून पाहणाऱ्याला ते फांदीत अडकलेले वाळके पानच वाटते. छाटणीनंतरचा पाला गोळा करून पेटवला की असे कोश त्यातच जळून जातात. पाला जाळण्याआधी डहाळ्या एकदा हातात घेऊन पाहाव्यात. कोश हलका लागला व एका टोकाला भोक असले, तर पतंग उडून गेला. जड लागला तर आत जीव आहे. ती डहाळी तशीच दुसऱ्या झाडाला बांधून ठेवावी. साधारण महिनाभरात, बहुधा पहाटेच्या सुमारास, पतंग बाहेर येतो आणि ओले पंख लोंबते ठेवून त्यांत ताठरपणा येण्याची वाट पाहत बसतो.