एकादशीचे अभंगश्रवण

आषाढी एकादशीच्या पहाटे देवघरात समई लागली, की घरातील ध्वनिमुद्रिकांचा संग्रहही उघडतो. आमच्या संग्रहात अग्रमान दोघींचा : पंडित भीमसेन जोशी यांची 'अभंगवाणी' आणि श्रीनिवास खळे यांच्या संगीतात लता मंगेशकरांनी गाइलेले 'अभंग तुकयाचे'. पहिलीत आळवणीचा आवेग, दुसरीत आर्त विनवणी. त्यांत डावे-उजवे करण्याचे धारिष्ट्य आम्हांस होत नाही.

मात्र अभंग कशावर ऐकावा, याविषयी आमचे मत ठाम आहे. ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकडीची एक बाजू जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांची. गजर रंगात येतो न येतो तोच सुई थांबे. १९४८ साली अवतरलेल्या दीर्घ तबकडीने एका बाजूस २० मिनिटांहून अधिक अवकाश दिला. कॅसेटीने अभंग घरोघरी नेले खरे, पण फितीची सरसर टाळांच्या किणकिणाटात मिसळते. अतिसंक्षिप्त एमपी३ मध्ये तर हेच टाळ पाण्याखाली वाजल्यासारखे भासतात. आणि पखवाजाच्या ज्या अंगाला ओली कणीक लावतात, त्याचा गंभीर घुमारा मोबाईलच्या इवल्याशा कर्ण्यातून उमटतच नाही! तेव्हा सुस्थितीतील दीर्घ तबकडी किंवा सीडी, आणि मोठा ध्वनिक्षेपक, हेच आम्ही सुचवू.

गाजलेली ध्वनिमुद्रणे पुन्हा मिळतील. परंतु आजोबांच्या भजनी मंडळाची घरीच भरलेली कॅसेट कपाटात असेल, तर तिची दुसरी प्रत जगात नाही. फीत चिकटण्यापूर्वी, शक्यतो या चातुर्मासातच, ती जाणकाराकडून उतरवून घ्यावी.