सोलापूरची सुंदरी

मांडवात सनईचे सूर घुमू लागले, की मंगलकार्याला आरंभ झाला असे सर्वांना कळते. या सनईची एक धाकटी बहीण सोलापुरात नावारूपाला आली. तिचे नाव सुंदरी.

सुंदरी ही वीत-दीड वीत लांबीची असते. नळी आखूड, म्हणून तिच्यातील हवेचा स्तंभही आखूड. त्यामुळे तिचा सूर सनईपेक्षा उंच व नाजूक निघतो. वादक गवताची जोडपत्ती ओठांत धरून फुंकतो. पात्या थरथरतात आणि नळीतील हवा नादमय होते. छिद्रावरचे बोट एकदम न उचलता हळूच सरकविले, म्हणजे एका सुरातून दुसऱ्या सुरात अलगद जाणारी मींड साधते.

सुंदरीचे नाव सोलापूरच्या जाधव घराण्याशी निगडित आहे. अक्कलकोटच्या राजदरबारात या वाद्याचे गोड सूर ऐकून त्याला ‘सुंदरी’ हे नाव देण्यात आले, असे सांगतात. या घराण्यातील सिद्धराम जाधव यांनी मांडवातील हे वाद्य रागसंगीताच्या मैफलीत नेले. चिदानंद जाधव व भीमण्णा जाधव यांनी ती परंपरा पुढे चालविली.

ही विद्या केवळ पुस्तकातून मिळत नाही. गुरू एक स्वरावली वाजवितो आणि शिष्य ती पुनःपुन्हा वाजवून आत्मसात करतो. ओठांचा दाब किती असावा, श्वास कोठे घ्यावा, हे समोर बसूनच कळते.

शिकविणारा नसेल, तर वाद्याची केवढी हानी होते! लग्नाच्या बँडमध्ये सॅक्सोफोन नावाचे पितळी वाद्य दिसते. तेही पत्तीवरच वाजते. मात्र त्याची पत्ती एकच असते. बेल्जियममध्ये जन्मलेल्या अडॉल्फ साक्स यांनी ते तयार केले व 1846 साली त्याचे एकस्व घेतले. 1857 पासून ते पॅरिसच्या संगीतविद्यालयात लष्करी वादकांना हे वाद्य शिकवू लागले. परंतु 1870 साली, फ्रान्स व प्रशिया यांच्या युद्धाच्या वेळी, तो वर्ग बंद पडला. तो पुन्हा सुरू होण्यास 1942 साल उजाडावे लागले! तेव्हा मार्सेल म्यूल हे तेथे प्राध्यापक झाले. 1968 पर्यंत त्यांनी अनेक शिष्य घडविले आणि मैफलीतही मोठे यश मिळविले. मधल्या 72 वर्षांत सॅक्सोफोन टिकला, कारण ठिकठिकाणच्या बँडपथकांनी त्याला आश्रय दिला होता.

सुंदरीला असा विस्तृत आश्रय नाही. तिची सारी भिस्त मोजक्या वादकांवर आहे. लाकडाची नळी पेटीत जपून ठेवता येते. तिच्यातून निघणारी मींड मात्र पेटीत राहत नाही. ती गुरूच्या ओठांवरून शिष्याच्या ओठांवर यावी लागते. म्हणून सुंदरी शिकावयास बसणारा प्रत्येक मुलगा आणि प्रत्येक मुलगी या वाद्याचे आयुष्य एका पिढीने वाढवीत असते.